धांवणाऱ्याचें हृदय

अति धांवल्यानें ऊर फुटतो, ही समजूत आपल्या भाषेनें एका वाक्प्रचारांत कायमची बांधून ठेविली आहे. ‘ऊर फुटेस्तोंवर धांवला’ असें आपण सहज बोलून जातों आणि त्यांत कोणती भीति दडली आहे याचा विचारही करीत नाहीं. ही भीति एकट्या मराठी माणसाची नाहीं. यकृत किंवा मूत्रपिंड आपल्या कामाचा कधीं गवगवा करीत नाहीं. हृदय मात्र श्रमाच्या वेळीं धडधडून आपलें अस्तित्व जाणवून देतें. तेव्हां हें इंद्रिय एखाद्या दिवशीं अति श्रमानें निकामी होईल, ही शंका मनुष्यास पुरातन काळापासून असल्यास नवल नाहीं. परंतु ती शंका खरी किती आणि खोटी किती, याचा कांहींसा निवाडा होण्यास गेलीं दीडशें वर्षें लागलीं. हा इतिहास केवळ वैद्यकाचा नाहीं. भीतीपायीं ज्यांना धांवूं दिलें नाहीं आणि भरंवशापायीं ज्यांना कोणी थांबविलें नाहीं, अशा दोन्ही प्रकारच्या माणसांचा तो इतिहास आहे.

या बाबतींत प्राचीनांचा कल सावधगिरीकडे होता. सुश्रुतानें व्यायामाची मर्यादा अंगांतील बळाच्या अर्ध्यापर्यंत सांगितली आणि तें अर्धें बळ संपलें हें ओळखण्याची खूणही दिली: हृदयाच्या ठिकाणीं असलेला वायु व्यायाम करतांना तोंडावाटे येऊं लागला, म्हणजे थांबण्याची वेळ झाली. वाग्भटानें मर्यादा सोडून श्रम करणाऱ्यास, हत्तीला ओढूं जाऊन त्या ओढाताणींत नाश पावणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. तिकडे ग्रीसमध्यें हिपोक्रेटीसच्या परंपरेंतील वैद्य असें मानीत कीं, मल्लाची प्रकृति कळसास पोंचली म्हणजे तेथून ती घसरणारच, म्हणून तो कळसच धोक्याचा. ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधण्यांत ज्याची तरुणपणीं कांहीं वर्षें गेलीं, त्या गेलननें तर धंदेवाईक मल्लांच्या जीवनक्रमाची कठोर निंदा केली. या मतांमागें निरीक्षण होतें यांत शंका नाहीं. परंतु एकंदर किती माणसें पाहिलीं, त्यांपैकीं किती बिघडलीं आणि व्यायाम न करणाऱ्यांपैकीं किती बिघडलीं, हा हिशेब त्या काळीं कोणी मांडला नव्हता.

लोकांच्या मनावर वैद्यांच्या सूत्रांपेक्षां एका कथेचाच पगडा अधिक बसला. इ. स. पूर्वीं ४९० सालीं मॅरेथॉनच्या रणांगणावर इराणी सैन्याचा पराभव झाला, ती वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धांवत आला आणि जय झाल्याचें सांगून तेथेंच गतप्राण झाला, ही ती कथा. त्या युद्धाचा आपणांस उपलब्ध असलेला सर्वांत जवळचा इतिहासकार हेरोडोटस. फिडिपिडीस नांवाचा दूत मदत मागण्यासाठीं अथेन्सहून स्पार्टास धांवत गेला व दुसऱ्या दिवशीं तेथें पोंचला, असें तो सांगतो. हें अंतर सुमारें २४० किलोमीटरांचें. परंतु तो दूत मेल्याचा हेरोडोटसच्या ग्रंथांत मागमूसही नाहीं. मरणाऱ्या दूताची गोष्ट येते ती प्लुटार्कच्या लेखनांत, म्हणजे लढाईनंतर जवळजवळ सहाशें वर्षांनीं. आणि तेथें दूताचें नांवही निराळें आहे. १८७९ सालीं रॉबर्ट ब्राउनिंग या कवीनें या दोन्ही धांवा एकाच माणसाच्या नांवावर घातल्या. पुढें १८९६ सालीं अथेन्सला ऑलिंपिक सामन्यांचें पुनरुज्जीवन झालें, तेव्हां मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताच्या सूचनेवरून मॅरेथॉनची शर्यत सुरू झाली. ज्या मृत्यूला जवळच्या काळांतील पुरावा नाहीं, त्याच्या स्मरणार्थ जगांतील सर्वांत प्रसिद्ध शर्यत अशा रीतीनें अस्तित्वांत आली.

शास्त्रीय वादाला तोंड फुटलें तें मात्र याच्या आधींच, आणि धांवण्यावरून नव्हे तर वल्हीं मारण्यावरून. ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन विद्यापीठांमधील होड्यांची शर्यत १८२९ सालीं सुरू झाली. पुढें ती थेम्स नदीवर लंडनजवळ होऊं लागली. तेथील सुमारें सव्वाचार मैलांचें अंतर आठ तरुण त्या काळीं वीस-बावीस मिनिटें सर्व शक्ति पणाला लावून तोडीत. १८६७ सालीं एफ. सी. स्के या नामांकित इंग्रज शस्त्रवैद्यानें ‘टाइम्स’मध्यें पत्र लिहून, ही शर्यत तरुणांच्या प्रकृतीची हानि करिते, असा आरोप केला. हृदय कायमचें खचतें, ही त्या वादांतील मुख्य भीति होती. वादाचे पडसाद कादंबरींतही उमटले. विल्की कॉलिन्सच्या १८७० सालच्या ‘मॅन अँड वाइफ’मधील बलदंड खेळाडु धांवण्याच्या शर्यतींतच कोसळतो.

अशा वेळीं जॉन एडवर्ड मॉर्गन या मँचेस्टरच्या वैद्यानें जें केलें तें आज साधें वाटेल, पण त्या काळीं तें अपूर्व होतें. मॉर्गन स्वतः ऑक्सफर्डला वल्हीं मारलेले होते. १८२९ पासून १८६९ पर्यंत या शर्यतींत उतरलेल्या २९४ जणांची त्यांनीं यादी केली. जे हयात होते त्यांस पत्रें घालून प्रकृतीविषयीं विचारलें. जे वारले होते ते केव्हां व कशानें वारले याचा आप्तेष्टांकडे शोध केला. १८७३ सालीं ‘युनिव्हर्सिटी ओअर्स’ या पुस्तकांत त्यांनीं निष्कर्ष मांडला, तो असा कीं, त्या काळच्या आयुर्मानाच्या कोष्टकांप्रमाणें या तरुणांच्या वांट्यास जेवढें आयुष्य यावयाचें, त्याहून सुमारें दोन वर्षें अधिकच त्यांच्या वांट्यास आलें.

या हिशेबांत एक छिद्र आहे, तें झांकण्याचें कारण नाहीं. कोष्टकें होतीं सर्वसामान्य इंग्रज पुरुषांचीं. वल्हीं मारणारे होते सुखवस्तु घरांतले, खाऊनपिऊन पुष्ट, आणि अंगच्या बळासाठींच निवडलेले. मुळांत जो धट्टाकट्टा त्यालाच होडींत घ्यावयाचें आणि मग तो दीर्घायुषी झाला याचें श्रेय वल्ह्यास द्यावयाचें, हें तर्कास धरून नाहीं. मॉर्गननीं व्यायामानें आयुष्य वाढतें असें सिद्ध केलें नाहीं. तसल्या श्रमानें माणसें पटापट मरतात ही वदंता तेवढी खोटी ठरविली. पण तेवढें कार्यही लहान नव्हे. अफवेच्या जागीं प्रथमच यादी आली.

यानंतरचा टप्पा स्वीडनमधला. १८९९ सालीं उप्साला येथील साल्मोन हेन्शेन या वैद्यानें बर्फावरून लांकडी पट्ट्यांवर घसरत जाणाऱ्या, म्हणजे स्कीच्या शर्यतींत भाग घेणाऱ्या खेळाडूंच्या छात्या तपासल्या. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हां चारच वर्षें झालीं होतीं. हेन्शेनचें साधन म्हणजे स्वतःचीं बोटें: छातीवर बोटांनीं ठोकावयाचें आणि आवाज जेथें बद्द होतो तेथें हृदयाची कड समजावयाची. एवढ्यावरून त्यांनीं बिनचूक ओळखलें कीं, या खेळाडूंचें हृदय मोठें असतें. त्याहून महत्त्वाचें म्हणजे, ही वाढ रोगाची नसून सामर्थ्याची आहे, मोठें हृदय अधिक काम करूं शकतें आणि म्हणूनच तें शर्यत जिंकतें, असें त्यांनीं सांगितलें.

वैद्यकवर्गानें यांतील पहिलें वाक्य ऐकलें आणि दुसरें सोडून दिलें. त्यालाही कारण होतें. रुग्णालयांत जें मोठें हृदय दिसे तें झडपा बिघडलेल्या किंवा रक्ताचा दाब वाढलेल्या रोग्याचें असे. तें थकून सैल झालेलें असे आणि तो रोगी फार दिवस जगत नसे. तेंच चिन्ह निरोगी खेळाडूंत दिसतांच त्याचाही शेवट तसाच होणार असें अनुमान निघालें, आणि ‘खेळाडूचें हृदय’ हें एका रोगाचें नांव होऊन बसलें.

त्यांतच शर्यतींतील अपघातांनीं भर घातली. १९०८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें डोरांडो पिएत्री हा इटालियन धांवपटु अंतिम रेषेजवळ पुनःपुन्हां कोसळला. लोकांनीं आधार देऊन रेषेपार नेलें म्हणून तो बाद ठरला, पण वांचला. १९१२ सालीं स्टॉकहोम येथें फ्रान्सिस्को लाझारो हा पोर्तुगीज तरुण मॅरेथॉन धांवतांना पडला आणि दुसऱ्या दिवशीं मरण पावला. फिडिपिडीसची कथा खरी झाली असें अनेकांस वाटलें असेल. पण त्या दिवशीं ऊन कडक होतें, आणि लाझारोनें अंगाला चरबीचा लेप लाविल्यामुळें घामाची वाट अडली असें सांगतात. त्याचा बळी घेतला तो उष्णतेनें. उलट १९२० सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या पुढाकारानें व सर दोराबजी टाटांच्या साहाय्यानें जे मोजके हिंदी खेळाडु अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले, त्यांपैकीं फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें एकोणिसावे आले. पण सुखरूप परतलेल्यांच्या दंतकथा होत नाहींत.

या भीतीचा पुरता प्रत्यय आला तो क्लॅरेन्स डीमार या अमेरिकन माणसास. डीमार धंद्यानें मुद्रक. १९११ सालीं बॉस्टनच्या मॅरेथॉनपूर्वीं वैद्यांनीं त्यांची छाती तपासली. हृदयाच्या ठोक्यांबरोबर एक अधिकचा फुत्कार ऐकूं येतो, तेव्हां ही शर्यत झाल्यावर लवकरच धांवणें सोडावें, आणि या शर्यतींतही थकवा वाटतांच बाजूस व्हावें, असा सल्ला त्यांनीं दिला. डीमारनीं ती शर्यत जिंकली. पुढच्या वर्षीं ते ऑलिंपिकला गेले. पण त्यानंतर ऐन उमेदीचीं कित्येक वर्षें ते मोठ्या शर्यतींपासून बव्हंशीं दूर राहिले. वैद्यांचा सल्ला हें त्याचें एकमेव कारण नव्हतें, तरी तोही मनांत होताच. मध्यंतरीं पहिलें महायुद्ध झालें. फुत्कार ऐकूं येतो म्हणून असंख्य तरुणांस सैन्यांतून परत धाडलें जात होतें. तेव्हां जेम्स मॅकेंझी व थॉमस लुईस या ब्रिटिश हृदयवैद्यांनीं दाखवून दिलें कीं, नुसत्या फुत्कारावरून हृदय दुबळें ठरत नाहीं, माणूस श्रम कितपत सोसतो हें पाहावें. लुईस यांनीं तर धडधडीनें हैराण झालेल्या शिपायांस अंथरुणांतून उठवून क्रमाक्रमानें कवायत करावयास लाविलें.

डीमार परत आले आणि १९२२, १९२३ व १९२४ अशीं लागोपाठ तीन वर्षें बॉस्टनची शर्यत जिंकले. १९२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें त्यांना कांस्यपदक मिळालें. सातवा व शेवटचा बॉस्टन-विजय १९३० सालचा. तेव्हां ते एकेचाळीस वर्षांचे होते. १९५४ सालींही, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, ते त्याच रस्त्यावरून धांवले. १९५८ सालीं कर्करोगानें त्यांचा अंत झाला, आणि ज्या हृदयाविषयीं सत्तेचाळीस वर्षांपूर्वीं धास्ती घेतली गेली होती तें वैद्यांस प्रत्यक्ष पाहावयास मिळालें. पॉल डडली व्हाइट व त्यांचे सहकारी जेम्स करन्स यांनीं १९६१ सालीं तो वृत्तांत प्रसिद्ध केला. हृदयाचें वजन ३४० ग्रॅम, म्हणजे सामान्य माणसाइतकेंच भरलें. झडपा निर्दोष होत्या. हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमन्यांच्या भिंतींत उतारवयाला साजेसा थोडा मेद सांचला होता. परंतु त्या धमन्याच नेहमींच्या दुपटी-तिपटीएवढ्या रुंद होत्या, त्यामुळें रक्ताचा मार्ग मोकळा होता.

डीमारनीं सल्ला शेवटीं बाजूस सारला. पण ज्यांना तशी मुभाच नव्हती त्यांचें काय झालें? १९२८ सालीं अँमस्टरडॅमला स्त्रियांची आठशें मीटरची शर्यत ऑलिंपिकमध्यें प्रथमच झाली. शर्यत संपल्यावर कांहीं जणी दमून खालीं बसल्या वा पडल्या, हें पुरुषांच्या शर्यतींत नेहमीं घडणारें दृश्य. पण वृत्तपत्रांनीं त्याचें वर्णन एखाद्या अरिष्टासारखें केलें, आणि असल्या श्रमास स्त्रीचें शरीर समर्थ नाहीं असें ठरवून ती शर्यत बंद करण्यांत आली. ती पुन्हां सुरू झाली १९६० सालीं. त्या बत्तीस वर्षांत ज्या मुली उमेदीच्या वयांत होत्या, त्यांस या निर्णयाची भरपाई कोणीही देऊं शकलें नाहीं.

विसाव्या शतकाच्या मध्यास वारें फिरलें. १९५३ सालीं जेरेमी मॉरिस यांनीं लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा हिशेब मांडला. दिवसभर बसून गाडी हांकणाऱ्यापेक्षां, तिकिटें देत दिवसांतून शेंकडों पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरास हृदयविकार पुष्कळ कमी होतो, आणि झालाच तर सौम्य होतो, असें त्यांस आढळलें. श्रमानें हृदय झिजतें कीं काय, हा प्रश्न होता; आतां श्रमावांचून तें गंजतें कीं काय, असा प्रश्न पुढें आला. परंतु लंबक एका टोंकाहून सुटला कीं मध्यें थांबत नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत थॉमस बॅसलर या कॅलिफोर्नियांतील विकृतिशास्त्रज्ञानें असें प्रतिपादिलें कीं, जो धूम्रपान करीत नाहीं आणि मॅरेथॉन पुरी करूं शकतो, त्यास हृदयाच्या धमन्यांच्या रोगापासून जणूं अभय आहे. १९७९ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील टिमोथी नोक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशाच धांवपटूंच्या शवविच्छेदनांत तो रोग दाखवून दिला; पण धांवण्याच्या नव्या लाटेंत अभयवचनच अधिक गोड लागलें.

१९८४ सालीं या दोन्ही श्रद्धांची एकाच उन्हाळ्यांत परीक्षा झाली. धांवण्यावरील ज्या पुस्तकानें अमेरिकेंत लक्षावधि वाचकांस रस्त्यावर आणलें, त्याचा कर्ता जिम फिक्स २० जुलै रोजीं व्हर्माँट संस्थानांत धांवतां धांवतां मेला. वय बावन्न. त्याच्या हृदयाच्या तीनही प्रमुख धमन्या फार अरुंद झालेल्या आढळल्या. त्याच्या वडिलांस पस्तिसाव्या वर्षीं हृदयविकाराचा झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षीं ते वारले होते. स्वतः फिक्सनें पस्तिशीपर्यंत सिगारेटी भरपूर ओढल्या होत्या. आणि हृदयाची श्रमपरीक्षा करून घेण्याची संधि चालून आली असतां त्यानें ती टाळली होती. त्यानंतर सोळा दिवसांनीं लॉस एंजलिसला स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्यें प्रथमच झाली आणि जोन बेनोआ ती जिंकली. एकीकडे अभयाचा भ्रम फुटला, दुसरीकडे दुबळेपणाचा.

त्याच वर्षीं डेव्हिड सिस्कोविक यांनीं सिॲटल परिसरांत अकस्मात् हृदय बंद पडलेल्या पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. या सर्व वादाची किल्ली मला तींत दिसते. जोरदार श्रम चालू असतांना हृदय बंद पडण्याचा संभव एरवींपेक्षां खरोखरच वाढतो. सदा व्यायाम करणाऱ्यांत सुमारें पांचपट, आणि क्वचितच श्रम करणाऱ्यांत सुमारें छप्पनपट. पण दिवसाच्या चोवीसही तासांचा हिशेब केला, तर सदा व्यायाम करणाऱ्याचा एकंदर धोका बैठ्या माणसाच्या ४० टक्केच भरतो. म्हणजे धांवतांना कोणी मेला तर तो धांवण्यानें मेला हेंही खरें असूं शकेल, आणि न धांवणारे अधिक मरतात हेंही खरेंच. दीडशें वर्षें दोन्ही पक्ष एकेक अर्धसत्य उराशीं धरून भांडत होते.

मग धांवतांना मरतात ते कोण? तिशी-पस्तिशीपुढील माणसांत बहुधा फिक्ससारखे, ज्यांच्या धमन्या आधींच अरुंद झालेल्या असतात. कोंवळ्या वयांत बहुधा ते, ज्यांच्या हृदयांत जन्मजात दोष असतो. २००३ साली लियाँ येथें मार्क-व्हिव्हियां फोए हा कॅमेरूनचा अठ्ठावीस वर्षांचा फुटबॉलपटु भर सामन्यांत कोसळून मेला, तो हृदयाच्या स्नायूच्या अशाच विकृत जाडपणानें. येथें हेन्शेनचा जुना प्रश्न पुन्हां उभा राहतो: निरोगी वाढ कोणती आणि रोगट वाढ कोणती? आतां बोटांच्या जागीं ध्वनिलहरींनीं हृदयाचें चित्र काढणारीं यंत्रें आलीं. १९७५ सालीं जोएल मॉर्गनरॉथ यांनीं दाखविलें कीं, धांवणाऱ्याच्या व पोहणाऱ्याच्या हृदयाचा कप्पा प्रशस्त होतो, तर पैलवानाच्या हृदयाची भिंत जाड होते; हा भेद पुढें वाटला तितका काटेकोर ठरला नाहीं. १९९१ सालीं अँटोनियो पेलिच्चिया यांनीं इटलींतील ९४७ अव्वल खेळाडूंचीं हृदयें मोजलीं, तेव्हां १३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड भिंत अवघ्या १६ जणांत आढळली. निरोगी वाढीला सीमा असते, हें यावरून कळलें. त्या देशानें तर १९८२ पासून स्पर्धेंतील खेळाडूंची तपासणी सक्तीची केली. व्हेनेटो प्रांतांत त्यानंतर तरुण खेळाडूंचे अकस्मात् मृत्यु ८९ टक्क्यांनीं घटल्याची नोंद २००६ सालीं प्रसिद्ध झाली. इतर देशांस तसाच लाभ दिसलेला नाहीं, म्हणून या सक्तीविषयीं अजून मतभेद आहेत.

मात्र अतिरेक असा कांहीं नसतोच, असें यावरून कोणीं समजूं नये. स्वीडनमध्यें १९२२ पासून वासालोप्पेट ही स्कीची ९० किलोमीटरांची शर्यत होत आली आहे. तींत भाग घेणाऱ्यांचें मृत्यूचें प्रमाण सामान्य जनतेच्या निम्म्याच्या आसपास असल्याचें दिसून आलें. येथेंही मॉर्गनच्या हिशेबांतलें छिद्र आहेच, कारण दुबळा माणूस तेथें उतरतच नाहीं. पण २०१३ सालीं तेथल्या ५२,७५५ जणांची जी पाहणी प्रसिद्ध झाली तिनें दुसरी बाजूही दाखविली. ज्यांनीं ती शर्यत पांच किंवा अधिक वेळां पुरी केली होती, त्यांस हृदयाची लय बिघडण्याचा त्रास एकदांच धांवलेल्यांपेक्षां सुमारें ३० टक्क्यांनीं अधिक होता. त्यांत मुख्य विकार हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या अनियमित फडफडीचा. तासन् तास चालणाऱ्या शर्यतींनंतर हृदयाचा उजवा कप्पा कांहीं दिवस शिणलेला राहतो, आणि वर्षानुवर्षें असें करणाऱ्यांपैकीं थोड्यांच्या स्नायूंत बारीक व्रण उरतात, असेंही आढळलें आहे. म्हणजे सिंहाच्या उपमेंत कांहीं तथ्य होतें. फक्त तो हत्ती आपण समजत होतों त्याहून पुष्कळ मोठा निघाला.

या इतिहासाचें तात्पर्य आपल्याकडेही उपयोगी पडण्याजोगें आहे. मुंबईची मॅरेथॉन २००४ सालीं सुरू झाली, आणि आतां लहान लहान शहरांतही चाळिशी उलटलेले गृहस्थ व गृहिणी पहांटे धांवतांना दिसतात. त्यांपैकीं कोणी मध्येंच कोसळल्याची बातमी आली कीं जुनी भीति पुन्हां डोकें वर काढते, आणि शेजारची चार माणसें दुसऱ्या दिवसापासून घरीं बसतात. अमेरिकेंत २००० ते २०१० या काळांत लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरलेल्या सुमारें एक कोटि नऊ लक्ष धांवकांची मोजदाद झाली. त्यांत हृदय बंद पडल्याचे प्रसंग ५९ आले. घरीं बसण्यास हें कारण पुरेसें नाहीं. पण ज्याच्या घराण्यांत लवकर हृदयविकार आहे, ज्याच्या छातींत श्रमानें कळ येते, किंवा ज्यास धांवतांना एकदां भोंवळ आली आहे, त्यानें ‘मी रोज धांवतों’ या एवढ्याच बळावर वैद्याचें दार टाळणें ही फिक्सचीच चूक होय. धांवण्यानें हृदयांतला दोष बहुधा उत्पन्न होत नाहीं. असलेला दोष तें उघडा पाडतें. तो आधीं शोधावा आणि मग बिनघोर धांवावें, एवढें आज आपणांस निःशंकपणें सांगतां येतें.